यंत्र म्हणतं उत्तम, बादलीत मात्र दगड

पत्र: वाईजवळच्या एका गावात माझा छोटा सिरॅमिक स्टुडिओ आहे. दीड वर्षापूर्वी पुण्याहून इथे आले. कप, लहान बरण्या, लोणच्याचे सट असं काम प्लास्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पातळ कालवलेली माती, ओतून करते. पुण्यात तयार ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, विकत घ्यायचे, इथे स्वतः करायला लागले: फ्रिट (वितळवून दळलेली काच) 55, फेल्डस्पार 15, क्वार्ट्झ 15, झिरकॉन 10, चायना क्ले 5. चार दिवस बादली तशीच राहिली की तळाशी दगड होतो, खुरप्याने खरवडावा लागतो. बुडवताना पहिले कप पांढरे, कोरडे निघतात आणि शेवटचे चकचकीत, पारदर्शक. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यात दोन चमचे सोडियम सिलिकेट घातलं, तर दगड आणखी घट्ट. दुकानदार म्हणतो सीएमसी घाला. स्लिपचं उलटंच. पुण्यात 10 किलो माती वाहती करायला 40 ग्रॅम सिलिकेट पुरायचं, इथे बोअरच्या पाण्यात 80 घालूनही ती दह्यासारखी राहते. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने ग्लेझचा नमुना कॉलेजच्या यंत्रावर लावला, झीटा पोटेन्शियल उणे 42 आलं. तो म्हणतो, मावशी, ही उत्तम स्थिरता आहे. खरं कोण, यंत्र की बादली?

उत्तर:

नमस्कार. कृती आकड्यांसकट पाठवलीत, कप कसे निघतात तेही क्रमाने लिहिलंत, त्यामुळे निम्मं निदान तुमच्या पत्रातच झालेलं आहे. यंत्र खरं बोलतंय आणि बादलीही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, आणि तुमचा दगड त्या उत्तम आकड्यामुळेच झालेला आहे.

ग्लेझमधल्या प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर पाण्यात गेल्यावर विद्युतभार येतो. सगळ्यांवर सारखाच ऋणभार असेल तर कण एकमेकांना दूर लोटतात. हे लोटणं किती जोरात आहे याचा अंदाज म्हणजे झीटा पोटेन्शियल. उणे 30 मिलिव्होल्टच्या पलीकडे किंवा अधिक 30 च्या वर गेलं की कण एकमेकांना चिकटत नाहीत, असा ढोबळ नियम आहे. रंग, शाई, औषधं अशा अतिशय बारीक कणांच्या कामात तो उपयोगी पडतो, कारण तिथले कण इतके हलके असतात की चिकटले नाहीत तर दीर्घकाळ तरंगत राहतात. तुमचे कण तसे नाहीत. कण चिकटणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. कण खाली बसणार नाही, असं त्याने कधीच म्हटलेलं नव्हतं.

आता वजनाकडे या. क्वार्ट्झचा 10 मायक्रॉनचा कण घ्या. त्याची घनता पाण्याच्या 2.65 पट. स्टोक्सच्या सूत्राने तो शांत पाण्यात तासाला सुमारे 32 सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे तासाभरात तुमच्या बादलीच्या तळाला. हा हिशेब कण मोकळ्या पाण्यात एकटा असतानाचा आहे. दाट ग्लेझमध्ये गर्दीमुळे वेग बराच कमी होतो, पण दिशा तीच. वेग व्यासाच्या वर्गाने बदलतो, म्हणून त्याच क्वार्ट्झचा 1 मायक्रॉनचा कण शंभरपट हळू, तासाला तीनेक मिलिमीटर. मिलिव्होल्ट उणे 42 असोत की उणे 80, हे उतरणं थांबत नाही.

उतरल्यावर काय होतं ते तुम्ही उन्हाळ्यात पाहिलेलं असणार. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा आणि चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी पांढराशुभ्र थर राहतो. त्यात बोट झटक्याने खुपसलं तर अडतं, हळूच दाबलं तर रुततं. एकमेकांना न चिकटणारे कण सावकाश खाली आले, घसरत घसरत प्रत्येकाने आपली सर्वांत खालची जागा शोधली, मोठ्यांच्या फटींत बारीक जाऊन बसले आणि मधलं पाणी बाहेर पडलं. ज्वारीचं पोतं आपटून भरावं तसा तो थर. तुमच्या बादलीत हेच घडतंय, फक्त स्टार्चऐवजी फ्रिट आणि क्वार्ट्झ आहे, त्यामुळे बोटाच्या जागी खुरपं लागतं.

आता याच्या उलटं चित्र. पावसाळ्यात गढूळ पाण्यातून तुरटी फिरवतात. पूर्वी निवळीचं बी माठाला आतून घासायचे. थोड्या वेळात मातीचे कण एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि वर पाणी नितळ होतं. पण तळाशी बसलेला तो गाळ नीट पाहिलाय? फुगलेला असतो, ढगासारखा, आणि भांड्याला जरा धक्का लागला तरी वर येतो. बाभळीच्या फांद्यांचा ढीग जसा स्वतःच्या काट्यांवरच उभा राहतो, तसे हे पुंजके एकमेकांत अडकून उभे असतात. यंत्राच्या भाषेत हे पाणी अस्थिर ठरेल, झीटा शून्याजवळ येईल. तुम्हाला मात्र ग्लेझ थोडं या बाजूलाच न्यायचं आहे.

पुंजके करण्याचा आणखी एक फायदा तुमच्या कपांवरच लिहिलेला आहे. कण सुटे असले की प्रत्येक जण आपल्या वेगाने उतरतो, म्हणून जाड फ्रिट आणि क्वार्ट्झ आधी खाली जातात आणि वर पांढरेपणा देणारं बारीक झिरकॉन आणि चायना क्ले उरतात. पहिले कप त्या वरच्या पाण्यात बुडाले: पांढरे, कोरडे. शेवटच्यांच्या वाट्याला फ्रिट जास्त आलं: चकचकीत, पारदर्शक. एकाच बादलीत तुम्ही नकळत दोन ग्लेझ वापरत होता. कण हात धरून उतरले की लहानमोठे एकत्रच येतात आणि ही वाटणी बरीच थांबते. खरवडलेला तळ तुम्ही कधी फेकून दिला असेल तर ती कृतीसुद्धा आता 55-15-15-10-5 राहिलेली नाही. यापुढे फेकू नका, भिजवून 80 नंबरच्या जाळीतून परत घ्या.

असं झालं कशामुळे? तुमच्या कृतीत माती फक्त 5 टक्के आहे. ग्लेझ तरंगतं ठेवणारी खरी वस्तू म्हणजे माती, तिच्या पातळ चपट्या कणांचं जाळं. शिवाय फ्रिट पाण्यात विरघळत नाही असं आपण धरून चालतो, पण आठवडे भिजत राहिलं की त्यातून थोडा सोडियम सुटतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि कण आणखी सुटे होतात. साधी पीएच पट्टी बुडवून पाहा, माझ्या अंदाजाने 9 च्या वर असेल. त्यात तुम्ही सिलिकेट घातलंत. ज्यांनी सांगितलं त्यांच्या डोक्यात स्लिप होती. स्लिपमध्ये जे औषध, ते ग्लेझमध्ये विष. तरुणपणी कारखान्याच्या प्रयोगशाळेत असताना हीच चूक मी अॅल्युमिनाच्या पिंपावर केली आहे. घोल पातळ, दुधासारखा सरळ वाहणारा झाला म्हणून संध्याकाळी समाधानाने घरी गेलो, आणि सकाळी ढवळणीचं पातं तळाशी रुतून मोटर जळालेली होती. तेव्हापासून नुसतं पातळ दिसणाऱ्या घोलावर माझा विश्वास नाही.

आता मोजमाप. कॉलेजच्या यंत्राची गरज नाही. वजनकाटा, 100 मिलिलिटरची पाच मेजपात्रं आणि विणकामाची एक सुई एवढं पुरे. मेजपात्र नसतील तर एकसारख्या उंच, पारदर्शक बाटल्या घ्या आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून मिलिमीटरच्या खुणा करा.

सर्वांत आधी ग्लेझ चांगलं ढवळून एक लिटरचं वजन करा. बुडवण्याच्या ग्लेझला 1400 ते 1500 ग्रॅम हा सर्वसाधारण पट्टा आहे. समजा 1450 भरलं. त्यात कोरडी पूड किती, हे सेव्रच्या पोर्सिलेन कारखान्याचे प्रमुख असलेल्या ब्राँग्निआर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रातून निघतं: 1450 मधून 1000 वजा करा, उरलेल्या 450 ला 2.65 ने गुणून 1.65 ने भागा. उत्तर सुमारे 723 ग्रॅम. 2.65 ही पुडीची सरासरी घनता आहे. झिरकॉन जड असल्याने तुमच्या मिश्रणाची थोडी वेगळी असेल, पण कामाला हा आकडा चालतो. म्हणजे 10 लिटरच्या बादलीत सव्वासात किलो पूड. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढची सगळी मात्रा त्याच्यावरून ठरणार आहे. आणि हे वजन न करता कधीही पाणी वाढवू नका. ग्लेझ घट्ट वाटतं ते पाणी कमी असल्यामुळे की कण धरल्यामुळे, हे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं.

मग एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, कोमट पाण्यात आणखी विरघळेनासं होईपर्यंत विरघळवा. पाच पात्रांत 100 मिलिलिटर ग्लेझ घ्या. एकात काहीच नको, बाकीच्यांत या द्रावणाचे दोन, चार, आठ आणि सोळा थेंब. तोंड बंद करून प्रत्येक पात्र वीस वेळा उलटसुलट करा आणि हलणार नाही अशा जागी ठेवा. पाच मिनिटं, एक तास, एक दिवस आणि सात दिवस, अशा चार वेळी तीन गोष्टी वहीत लिहा: वरचं पाणी नितळ आहे की दुधी, गाळाची उंची किती, आणि सुई आपल्याच वजनाने किती खोल जाते.

हे वाचायला शिकलात की झीटाच्या यंत्राची आठवणही येणार नाही. पहिल्या पात्रात, जिथे काही घातलं नाही, पाणी बराच काळ दुधी राहील, गाळ खालून वर चढत जाईल आणि शेवटी पातळ, घट्ट थर होईल. सुई टक्क करून थांबेल. आपण फसतो ते इथेच, कारण वरचं दुधी पाणी पाहून वाटतं की अजून सगळं तरंगतंय. जास्त थेंबांच्या पात्रात वर नितळ पाण्याची एक पट्टी दिसेल आणि तिच्याखाली स्पष्ट रेघ, जी एखाद्या पडद्यासारखी सबंध खाली सरकते. गाळाची उंची जास्त राहील आणि सुई तळापर्यंत मऊ जाईल. खूप थेंब झाले तर ग्लेझ दह्यासारखं होतं, कपावर जाड बसतं आणि सुकताना भेगा पडतात. तुम्हाला हवं ते पात्र या दोन्हींच्या मधलं: सातव्या दिवशी वर एखादं बोट पाणी, सुई तळाला लागते आणि दोनतीन वेळा उलटलं की सगळं पुन्हा एकजीव.

बादलीसाठी सुरुवातीची मात्रा कोरड्या पुडीच्या हजारात एक भाग धरा, म्हणजे तुमच्या सव्वासात किलोला सुमारे 7 ग्रॅम एप्सम सॉल्ट. सिलिकेट आधीच पडलेलं असल्याने तुम्हाला थोडं जास्त लागेल. थोडं घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. हाताने जोरात गोल ढवळून हात काढून घ्या आणि बघा. सुटं ग्लेझ पाण्यासारखं फिरत राहतं. बरोबर जमलेलं ग्लेझ दोनतीन फेऱ्यांनी मंदावतं, थांबतं आणि थांबताना किंचित उलटं सरकतं, जणू मागून कुणी ओढलं. ते उलटं सरकणं दिसलं की एप्समचा डबा बंद करा.

एवढ्यावर भागणार नाही, कारण माती कमी आहे हे मूळ तसंच राहतं. पुढची बादली करताना 100 भागांवर 2 भाग बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती, जादा घाला. कोरड्या पुडीत आधी नीट मिसळून मग सगळं पाण्यात सोडा, किंवा बेंटोनाइट आधी रात्रभर पाण्यात फुगवून घ्या. तयार ओल्या ग्लेझमध्ये वरून शिंपडलंत तर त्याच्या गाठी होतात आणि त्या जाळीवर राहतात. बेंटोनाइटमध्ये थोडं लोह असतं, तुमच्या पांढऱ्यावर किंचित मळकट छटा येऊ शकते, म्हणून एका कपावर भाजून पाहा. छटा नको असेल तर चायना क्ले 12 पर्यंत नेऊन क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार त्या मानाने कमी करावं लागेल, पण त्याने वितळण्याचा बिंदू आणि चमक बदलते. तो वेगळा प्रयोग आहे, चाचणीच्या टिकल्या भाजल्याशिवाय करू नका. पूड मिसळताना मास्क लावा आणि ओटा ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसात जाऊन राहते.

दुकानदाराच्या सीएमसीबद्दल थोडक्यात. तो डिंक आहे, पाणी घट्ट करतो. पाण्याचा घट्टपणा दुप्पट झाला तर कण निम्म्या वेगाने उतरतील, पण उतरतील आणि तसेच दाबून बसतील. दगड चारऐवजी आठ दिवसांनी होईल. उन्हाळ्यात त्याला वासही येतो. कच्च्या ग्लेझला कपावर धरून ठेवायला तो चांगला, या दुखण्यावर नाही.

आता स्लिप. इथे सगळं उलटं हवं, कमीत कमी पाण्यात जास्तीत जास्त माती वाहती ठेवायची म्हणून कण सुटे करायचे. तुमचं सिलिकेट दुप्पट झालं त्याचं कारण पाणी आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरंच असतं. साबणाला फेस येत नसेल आणि नळाच्या तोंडाशी पांढरे थर धरत असतील तर शंकाच नको. हे दोन्ही आयन दोन भारांचे. कणांना चिकटवण्याच्या कामात ते एकभारी सोडियमपेक्षा कितीतरी पट जोरकस असतात, कणांच्या लोटण्याच्या सिद्धांतातून हा फरक 64 पटींपर्यंत निघतो. तुम्ही सोडियम ओतत राहता आणि मूठभर कॅल्शियम ते सगळं पुसून टाकतं. गंमत अशी की हेच पाणी तुमच्या ग्लेझला मदतच करत होतं. बोअरचं पाणी ग्लेझसाठी ठेवा, स्लिपला ते नको.

पावसाचं पाणी साठवता येत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. तोवर घरच्या आरओचं गाळलेलं पाणी वापरा, बाजूच्या नळीतून वाया जाणारं नव्हे, त्यात क्षार आणखी दाट असतात. बोअरवरच भागवायचं असेल तर माती घालण्याआधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा विरघळवून रात्रभर ठेवा. कॅल्शियमचा बराचसा भाग पांढरा साका होऊन खाली बसतो, वरचं पाणी घ्या. स्लिपचे तुकडे परत वापरत असाल तर त्यात साच्याचं प्लास्टर येऊ देऊ नका, तेही कॅल्शियमच आहे. आणि 80 ग्रॅमच्या पुढे सिलिकेट वाढवणं आजच थांबवा. एका मर्यादेनंतर त्याच्याच क्षारामुळे स्लिप पुन्हा घट्ट होते, आणि ते प्लास्टरलाही खातं. साच्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरी लव फुटली आहे का, पाहा.

मात्रा शोधण्यासाठी एका लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा तळ कापा, झाकणाला 4 मिलिमीटरचं भोक पाडा, उलटी टांगा. आधी पाणी, मग स्लिप, ठरलेल्या खुणेपर्यंत रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. स्लिपचं लिटरवजन 1750 ते 1800 ग्रॅम धरा आणि ते प्रत्येक वेळी तेच ठेवा. आता सिलिकेट थोडं थोडं वाढवत प्रत्येक टप्प्याला दोन वेळा मोजा, ढवळल्याबरोबर आणि पंधरा मिनिटं स्वस्थ ठेवून. आलेखाच्या कागदावर टिंबं मांडा. सेकंद भराभर उतरतील, एका जागी सर्वांत कमी होतील आणि मग हळूहळू चढू लागतील. त्या सर्वांत खालच्या टिंबावर थांबण्याचा मोह होतो. थांबू नका, त्याच्या जरा अलीकडे राहा. अगदी तळाच्या टिंबावरची स्लिप साच्यात सावकाश धरते, कप कडक आणि ठिसूळ निघतो, सुटायला त्रास देतो आणि पिंपात जाड कण खाली बसतात. हाच प्रयोग एकदा बोअरच्या आणि एकदा आरओच्या पाण्यात करून दोन्ही रेघा एकाच कागदावर काढा. तुमचे जादाचे 40 ग्रॅम कुठे गेले ते तिथे दिसेल.

भाच्याला माझा नमस्कार सांगा, त्याने मनापासून मदत केली आहे आणि त्याच्यासाठीही काम आहे. त्याने बहुधा चमचाभर ग्लेझ डिस्टिल्ड पाण्यात पातळ केलं असणार. त्या क्षणी बादलीतलं पाणी, त्यातले क्षार, पीएच सगळं बदललं, आणि जाड कण तर मोजणी सुरू होण्याआधीच नळीच्या तळाला गेले. पुढच्या वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये तुमच्याच ग्लेझचं वरचं पाणी वेगळं काढायला सांगा आणि त्याच पाण्यात नमुना पातळ करून मोजायला सांगा. एप्समच्या पाचही पात्रांचे आकडे घेतले तर झीटा शून्याकडे सरकताना आणि सातव्या दिवशीचा गाळ वाढताना त्याला एकाच तक्त्यात दिसेल. कॉलेजमध्ये कणांचा आकार मोजायची सोय असेल तर फ्रिटचाही नमुना द्या. ते फार जाड दळलेलं असेल तर एप्सम आणि बेंटोनाइट दोन्ही लावूनही झगडावं लागेल, आणि पुढची खरेदी बारीक दळलेल्या फ्रिटचीच करावी लागेल.

सध्याच्या बादलीतला दगड आजच फोडून भिजत घाला, गाळून झाल्यावर लिटरचं वजन करा आणि पाच पात्रं आजच्याच तारखेने लावा. सात दिवसांनी सुईचे आकडे मला कळवा, चायना क्ले वाढवायची की नाही ते त्यावरून ठरवू.